मानलेली बहीण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मास्तर ती पायरी रोज चढायचे, कधी दिवसातून दोनदाही, आणि तरी स्वतःला शहाणेच समजायचे. कारण ते चढायचे ते हातावर कोट टाकून. कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. सव्वीस वर्षं झाली होती. कोर्टात जेवढे म्हणून काळे कोट हिंडायचे त्यातले निम्मे त्यांच्या कात्रीखालून गेलेले, आणि खुद्द जजसाहेबांचा गाऊन त्यांनी दोनदा उसवून लांब करून दिलेला. 'मास्तर' ही पदवी त्यांना कुठल्या शाळेने दिली नव्हती, गळ्यातल्या टेपने दिली होती.

माप देताना माणसाला हलता येत नाही, म्हणून तो तोंड चालू ठेवतो. त्यातून वकील! कोणत्या आरोपीची बायको घेरी येऊन पडली, कोणाचा बाप तोंडाला रुमाल लावून मागच्या बाकावर बसला होता, सगळं मास्तरांच्या दुकानात यायचं. मास्तर टाचण्या दातांत धरून हसायचे. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, धंद्याला बरं असतं.

सगळ्यांत जास्त हसू व्हायचं ते भाड्याच्या जामीनदारांवर. कोर्टाच्या कुंपणाला टेकून काही माणसं घराचे कागद पिशवीत घालून दिवसभर बसलेली असायची. ज्याला कोणी जामीन राहत नाही त्याच्यासाठी ही माणसं पैसे घेऊन उभी राहायची. जजने विचारलं, आरोपी तुमचा कोण, की यांचं उत्तर ठरलेलं: "मानलेला भाऊ आहे साहेब." नाहीतर, "मानलेला पुतण्या." पोट चव्वेचाळीस इंच भरायचं म्हणून मास्तर मनातल्या मनात ज्यांना 'चव्वेचाळीस' म्हणायचे ते वकील एकदा बाही टाचून घेताना म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला वर्षात चौदा मानलेले मुलगे झाले, मास्तर! सख्खे तरी होतात का कोणाला एवढे?" मास्तर इतके हसले की एक टाचणी गिळता गिळता वाचले.

आणि अशा या मास्तरांच्या सख्ख्या बहिणीला एका मंगळवारी सकाळी पोलिसांनी धरून नेलं.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर चार वर्षांचे होते, ताई दहाची. त्यांना न्हाऊमाखू घातलं तिने, शाळेत सोडलं तिने, आणि पहिलं शिलाई मशीन घेऊन दिलं तेही तिने, लग्नात मिळालेल्या बांगड्या मोडून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गेली अकरा वर्षं ती एका खाजगी दवाखान्याच्या भांडारात कामाला होती. तिथून इंजेक्शनांची तीन खोकी नाहीशी झाली. कुलूप शाबूत आणि किल्ली ताईच्या कमरेला. पोलिसांना आणखी काय पाहिजे? कंपाउंडर, पहारेकरी आणि ताई, तिघांनाही उचललं.

मास्तर आधी पोलीस ठाण्यात गेले, मागच्या दाराने जाता येतं का बघत. हवालदार वाईट नव्हता. म्हणाला, "किरकोळ काही असतं तर इथूनच सोडलं असतं. सही घेतली असती, बोलावलं की या म्हटलं असतं. पण हे कलम आमच्या हातातलं नाही. कोर्ट सोडेल तेव्हा सुटेल. वकील बघा." वकील बघा! मास्तरांच्या ओळखीचे नाही म्हटलं तरी साठ वकील होते, आणि त्या साठांपैकी एकालाही हे कळू नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी त्यांनी एका नव्या वकीलबाईंना गाठलं. त्या जेमतेम वर्षाच्या, वकिलांच्या खोलीत कोपऱ्यात एकट्या बसायच्या, कोणाशी फार बोलत नव्हत्या. मास्तरांनी हुशारीपेक्षा तेच पाहिलं.

वकीलबाई मात्र निघाल्या खमक्या. कोर्टाने ताईला दोन दिवस पोलीस कोठडी दिली, मग तुरुंगात पाठवलं. तिथवर गेल्याबरोबर बाईंनी जामिनाचा अर्ज टाकला, भांडल्या, आणि पुढच्या शुक्रवारी जामीन मंजूर करून आणला. अट एकच मोठी, एक स्थानिक जामीनदार हवा.

"पैसे आत्ता भरायचे नाहीत," त्यांनी मास्तरांना समजावलं. "तुम्ही कोर्टाला शब्द द्यायचा की ही बाई दर तारखेला हजर राहील. नाही राहिली तर तुमच्या दुकानावर टाच येणार. दुकानाचे कागद आणि ओळखपत्र घेऊन या. अर्जात मी लिहिलंय, सख्खा भाऊ."

"नुसती सही करून चालणार नाही का?"

"नाही. हे साहेब जामीनदाराला समोर उभं करून स्वतः विचारतात. भाड्याच्या लोकांना कंटाळून गेलेत. आरोपी तुमची कोण, एवढंच विचारतील. खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं."

खरं सांगायला काय लागतं? काही म्हणजे काही लागत नाही. तरी मास्तरांनी त्या दुपारी निघताना खुंटीवरचा एक अर्धवट शिवलेला कोट काढला आणि हातावर टाकला. कोणी पाहिलंच तर काम असेल असं वाटावं. कागद त्यांनी कोटाच्या घडीत घातले.

कोर्टाची खोली लांबट होती. पुढे वकिलांचे बाक आणि मागे इतरांचे. पंखा कुरकुरत होता. मास्तर भिंतीला चिकटून उभे राहिले. पुढच्या बाकांवर त्यांना पाठीच पाठी दिसत होत्या, आणि प्रत्येक पाठीची शिवण त्यांच्या ओळखीची होती. एवढ्यात महिला शिपाई ताईला घेऊन आली. दहा दिवसांत ताई निम्मी झाली होती. तिने खोलीभर नजर फिरवली, मास्तर दिसले, आणि तिचा चेहरा असा उजळला की बस्स. मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं.

"अरे, मास्तर!" 'चव्वेचाळीस' वकिलांनी मान वळवली. "कोणाचा कोट? इथे येऊन ट्रायल देता होय आता?"

"हो, असंच आपलं," मास्तर म्हणाले आणि हसले. बाकावरचे दोघेतिघे वळून हसले. तेवढ्यात शिरस्तेदाराने पुकारा केला, आणि वकीलबाईंनी मास्तरांना पुढे व्हायची खूण केली.

चौदा पावलं होती. प्रत्येक पावलाला मास्तरांना पाठीमागून आवाज ऐकू येत होते, जे अजून कोणी काढलेलेही नव्हते. उद्या माप देताना हेच लोक सांगतील, आपला शिंपी हो, त्याची बहीण चोर निघाली. कुठल्या तरी दुसऱ्या दुकानात उभे राहून सांगतील, दुसराच कोणी टाचण्या दातांत धरून हसेल. आणि खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात आणखीही काहीतरी होतं. ते कोणाला कधी बोलले नाहीत, बायकोलाही नाही. केलं असलं तर? किल्ली तर तिच्याकडेच होती ना?

जजसाहेबांनी कागद चाळले. "आरोपी तुमची कोण?"

मास्तरांनी हातावरचा कोट सावरला. "ओळखीच्या आहेत साहेब. आमच्याच भागात राहतात."

वकीलबाई गर्रकन वळल्या. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्जात तर भाऊ लिहिलंय."

इथे मास्तरांना सावरता आलं असतं. हो साहेब, भाऊच, चुकून बोललो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण एकदा माणूस घसरला की खालच्या पायरीवरही त्याला थांबता येत नाही. आणि जो शब्द ते सव्वीस वर्षं ऐकत आले होते, ज्याच्यावर पोट धरून हसत आले होते, नेमका तोच त्यांच्या जिभेवर आला.

"मानलेली बहीण आहे साहेब."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बाकच्या बाक हसला. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मानलेली. या खोलीत सख्खं कोणाचं कोणी नसतंच वाटतं. आधी शेजारी, मग मानलेली, आणि कागदावर सख्खा. पोलिसांनी या माणसाची पडताळणी करून अहवाल द्यावा. तोवर जामीनदार नामंजूर. पुढचा."

एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत. मास्तर वळले तेव्हा ताई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती महिला शिपायाच्या बुटांकडे पाहत होती, आणि शिपायाने दंड धरायच्या आधीच ती चालायला लागली.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी त्यांना जिन्याखाली ओढलं. पोरगी मुलीच्या वयाची, पण डोळ्यांत पाणी आणून तिने त्यांना झाडलं. "काय केलंत हे? जामीन मिळाला होता हो! आज संध्याकाळी तुमची बहीण घरी जेवली असती. आता उद्या-परवा सुट्टी, मग पोलीस, मग अहवाल, मग साहेबांना वेळ. कमीत कमी आठवडा. तुमच्या एका शब्दासाठी!"

मास्तरांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचा कोट खांद्यात आखूड होतो का?"

त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग वळून निघून गेल्या.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. हातातला चमचा ठेवला. "लाज वाटली म्हणे! कोणाची? ज्या बाईने तुमचं नाक पुसलं तिची? तुमची जीभ कशी झडली नाही हो!" मग ती बराच वेळ भांडी आपटत राहिली. मास्तर न जेवता उठले, ते तिने पाहिलं आणि त्यांना थांबवलंही नाही.

आता खरी गंमत पुढेच आहे, म्हणजे गंमत म्हणायची तर. झाकायला गेलं की जास्तच उघडं पडतं. खरं बोलले असते तर मास्तरांची बहीण कोर्टाच्या एका खोलीत वीस-पंचवीस जणांना कळली असती आणि संध्याकाळपर्यंत लोक विसरलेही असते. आता ती पडताळणी झाली. पडताळणी म्हणजे काय, तर मंगळवारी भर अकरा वाजता, दुकानात तीन गिऱ्हाइकं असताना, हवालदार वही घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इंजेक्शनांच्या केसमध्ये तुरुंगात आहे त्या बाईचे तुम्ही कोण?"

मास्तरांच्या हातातली कात्री कापडात तशीच राहिली. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली.

"भाऊ," मास्तर म्हणाले. आवाज निघाला तो खडूच्या रेघेएवढा.

"नक्की? कारण काल मी तुरुंगात जाऊन त्या बाईंचा जबाब घेतला. त्या म्हणतात, मानलेला आहे. रक्ताचं नातं नाही." हवालदाराने पान उलटलं. "खाली सहीदेखील केलीय. मग तुम्ही अर्जात सख्खा भाऊ कसं लिहिलंत? हे कोर्टाला फसवणं झालं, मास्तर. तुम्हालाच आत घेतील."

गिऱ्हाइकं एकेक करून निघाली. एक जण कोट न्यायला आला होता, तो कोट न घेताच गेला.

बुधवारी मास्तर तुरुंगात भेटीला गेले. रांगेत दोन तास उभे राहिले, नाव-गाव-नातं लिहायच्या खिडकीपाशी आले, आणि 'नातं' या रकान्यापुढे त्यांनी इतका जोर देऊन 'सख्खा भाऊ' लिहिलं की कागद फाटला. नवा कागद घ्यावा लागला.

ताई जाळीपलीकडे आली. आल्या आल्या म्हणाली, "बाळ्या, गोळी घेतोस ना रोज?" बावन्न वर्षांच्या बाळ्याला रक्तदाबाची गोळी होती.

"ताई, तू पोलिसांना काय सांगितलंस?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, जाळीला तोंड लावलं आणि हळूच म्हणाली, "तू कोर्टात बोललास तेच सांगितलं. मानलेला. घाबरू नकोस, मी शब्दही इकडचा तिकडे केला नाही. तू मोठ्या साहेबांसमोर एक बोललास आणि मी दुसरं बोलले असते तर तुझ्यावर बालंट आलं असतं. दुकान आहे तुझं, सगळे ओळखतात तुला." आणि वर असं पाहिलं, जसं लहानपणी त्यांच्या शाळेतल्या मारामारीत खोटी साक्ष देऊन आल्यावर पाहायची.

जाळीत बोटं अडकवून मास्तर नुसते उभे राहिले. या बाईने तीन दिवस आतमध्ये बसून हा विचार केला होता. सुटायचं कसं याचा नाही, तर यांचं खोटं कसं सांभाळायचं याचा. आणि ते सांभाळता सांभाळता स्वतःच्या सुटकेच्या दारावर आणखी एक कडी घालून बसली होती. तिला ते ठाऊकही नव्हतं.

"ताई, मी..."

"असू दे रे. मला कळलं. तिथे सगळी तुझी गिऱ्हाइकं बसली होती." मग ती म्हणाली, "मी काही घेतलं नाही, बरं का. दुपारी जेवायला जाताना किल्ली कंपाउंडरकडे द्यायचे, एवढीच चूक. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते."

शिपायाने वेळ झाल्याची घंटा वाजवली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि ताई जाता जाता मागे वळून त्यांनाच डोळे पुसायची खूण करत होती.

वकीलबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आता तोंडी काही चालणार नाही. कागद आणा. तुमच्या दोघांच्या आईबापाचं नाव दाखवणारा. आणि तुम्हाला दोघांनाही लहानपणापासून ओळखणारा एक माणूस आणा, शपथपत्र द्यायला."

कागद शोधता शोधता घर उलटंपालटं झालं. ताईचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, बापाचे कागद कधीच कसर लागून गेलेले. शेवटी बायकोने पेटीच्या तळातून ताईचा शाळेचा दाखला काढला आणि मास्तरांच्या पुढ्यात टाकला. राहिला माणूस. असा माणूस गल्लीत एकच होता, दोरे-बटणांच्या दुकानातला म्हातारा, ज्याच्याकडून मास्तर सव्वीस वर्षं काळी बटणं घेत होते. वकीलबाईंनी सांगितल्यापासून मास्तरांनी त्याच्या दुकानासमोरून चार फेऱ्या मारल्या. पाचवीला म्हाताऱ्यानेच हाक मारली.

"ये. केव्हाचा घिरट्या घालतोयस घारीसारखा."

मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं. सगळं सांगितलं, पंख्याकडे पाहिलं तेही. म्हाताऱ्याने ऐकता ऐकता बटणांचा डबा बंद केला.

"तुझी आई गेल्यावर ती पोरगी तुला कडेवर घेऊन माझ्या बापाच्या दुकानात दोरा न्यायला यायची. दहा वर्षांची काटकी ती, आणि तू चार वर्षांचा गोळा. कंबर वाकायची तिची. माझा बाप म्हणायचा, पोराला खाली उतरव गं, चालू दे. तर म्हणायची, त्याच्या पायात चप्पल नाही." म्हाताऱ्याने डबा बाजूला सरकवला. "तिच्या पायात होती का, ते कोणी विचारलं नाही."

मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"शपथपत्र देतो. पण ध्यानात ठेव, तुझ्यासाठी नाही देत." आणि त्याने पोरवयातल्या मुलाला घालवावं तसं हाताने त्यांना घालवलं.

सोमवारी पुन्हा तीच खोली, तोच पंखा. या वेळी मास्तरांच्या हातावर कोट नव्हता. चव्वेचाळीस पुढच्या बाकावर होतेच; त्यांनी वळून पाहिलं, पण हाक मारली नाही. ते हाक न मारणं मास्तरांना जिव्हारी लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

जजसाहेबांनी दाखला पाहिला, म्हाताऱ्याचं शपथपत्र पाहिलं, हवालदाराचा अहवाल पाहिला. मग म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही या कोर्टासमोर खोटं बोललात."

"हो साहेब."

"का?"

"लाज वाटली साहेब."

"बहिणीची?"

मास्तरांनी बाकांकडे हात केला. "हे सगळे कोट मी शिवलेत साहेब. हे हसतील असं वाटलं. मीच हसत आलोय इतकी वर्षं, दुसऱ्यांच्या घरच्यांना." आवाज फुटला, तरी ते थांबले नाहीत. "सख्खी बहीण आहे. तिनेच वाढवलंय मला. ती पळून जाईल का असं विचारायचं असेल तर ती जाणार नाही. पळालो तो मी."

कोणी हसलं नाही. जजसाहेबांनी थोडा वेळ काही लिहिलं. मग ते ताईकडे वळले. "बाई, हे तुमचे कोण?"

ताई गांगरली. तिने मास्तरांकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं. हात जोडले. म्हणाली, "ते म्हणतील तसं, साहेब."

"ते दोनदा दोन तऱ्हेचं म्हणाले. तुम्ही सांगा."

"सांग ना ताई!" मास्तर ओरडलेच. शिरस्तेदाराने दटावलं.

"भाऊ," ताई म्हणाली. आणि लगेच मास्तरांकडे अशा धास्तीने पाहिलं, की चुकलं का रे माझं?

जजसाहेबांनी मास्तरांना कडक शब्दांत समज दिली, पुन्हा असं झालं तर खटला भरू म्हणाले, आणि जामीनदार मंजूर केला. अटी वाचून दाखवल्या. शहर सोडायचं नाही, दवाखान्यातल्या कोणाला भेटायचं नाही, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि पहिली हजेरी सुटल्याच्या दिवशीच. आदेश तुरुंगात पोचेपर्यंत सुटकेचे कागद टाकायची तिथली जामिनाची पेटी त्या दिवसापुरती उघडून झाली होती, म्हणून आणखी एक दिवस गेला. मास्तरांनी मोजलं. त्यांच्या एका शब्दाचे अकरा दिवस झाले होते.

मंगळवारी दहा वाजता ताई तुरुंगाच्या छोट्या दारातून वाकून बाहेर आली. हातात एक कापडी पिशवी. मास्तरांनी आठवडाभर मनात खूप काही जुळवून ठेवलं होतं. पायाच पडायचं असंही ठरवलं होतं. पण ताई म्हणाली, "तू कशाला आलास दुकान टाकून?" आणि सगळं जागच्या जागी राहिलं. त्यांनी तिची पिशवी घेतली.

बस त्यांना कोर्टाच्या चौकात सोडून गेली. पोलीस ठाणं मास्तरांच्या गल्लीच्या पलीकडे, पाच मिनिटांवर. मास्तर चालायला लागले. थोड्या वेळाने बघतात तो ताई बरोबर नाही. दहा-बारा पावलं मागे होती. थकली असेल म्हणून ते हळू झाले. तर तीही हळू झाली. ते थांबले. ती एका दुकानापाशी थांबली आणि तिथल्या चपलांकडे पाहायला लागली.

ते मागे गेले. "पाय दुखतायत का?"

"नाही रे. तू हो पुढे. मी येते मागून." तिने आवाज खाली आणला. "या रस्त्याला सगळे तुला ओळखतात."

"ताई, आता सगळ्यांना माहीत आहे. मी कोर्टात सांगितलं, सगळ्यांसमोर!"

"हो, सांगितलंस ना. बरं केलंस." तिने त्यांच्या दंडावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं. "पण चल तू पुढे."

मास्तरांनी तिचा हात धरला आणि तिला बरोबर घेऊन गल्लीतून नेलं. इस्त्रीवाल्याने पाहिलं. बटणवाल्या म्हाताऱ्याने पाहिलं. मास्तर मान ताठ ठेवून चालत होते, आणि ताईचा हात त्यांच्या हातात असा आखडून होता, की जरा पकड सैल झाली तर काढून घेता यावा.

ठाण्याच्या दारात दोघांना एकदम शिरता येईना, म्हणून तिथे त्यांना तिचा हात सोडावा लागला. ताई पुढे झाली. टेबलाशी तोच हवालदार होता. त्याने हजेरीची वही उघडली, तारीख घातली, आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आलंय?"

मास्तर तिच्या मागे दोन पावलांवर होते, तिची पिशवी हातात घेऊन. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"कोणी नाही साहेब," ताई घाईघाईने म्हणाली. "एकटीच आलेय."

हवालदाराने तसंच लिहून घेतलं.